घरात सून असताना परिचारिका कशाला?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आठवड्यातून एकदा परिचारिका यावी, तिने त्याच्या जखमा धुवाव्यात, वेदनेची औषधे वेळच्या वेळी पोटात जातील अशी लावून द्यावीत, आणि जी बाई रात्रंदिवस त्याच्या उशाशी जागते तिला कूस कशी बदलावी, नळीतून पातळ अन्न कसे घालावे, एवढे शिकवून जावे, ही सूचना तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या इचोड्यात चारचौघांत मांडून पाहावी. तिला विरोध होतो, आणि तो ज्या निःशंक आत्मविश्वासाने होतो तो पाहून मन विषण्ण होते. ‘घरात सून असताना नर्स कायले लागते?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या मागोमाग बाकीची मते रांगेने येतात. सेवा ही रक्ताच्या माणसांनी करावयाची गोष्ट आहे, ती परक्यांच्या हाती सोपवणे म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणे. विलायतेत असल्या सोयी लागतात, कारण तेथे कुटुंब उरलेले नाही, आमच्याकडे ते शाबूत आहे. जो वाचणार आहे त्याला मोठ्या दवाखान्यात न्यावे, जो वाचणार नाही त्याच्यावर सरकारी खजिन्यातला पैसा का उधळावा. आणि मॉर्फीनसारखी नशेची गोळी खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचवणे हा तर निव्वळ अविचार.

हे मत अडाण्यांचे असते तर त्याचा प्रतिवाद करण्याचे कारण नव्हते. ते शिकल्यासवरल्यांचे आहे. निवृत्त गुरुजी, बाजारातले अडते, पंचायतीचे सदस्य, तहसील कचेरीत हयात घालवलेले कारकून हे बोलतात, आणि खेदाने सांगावे लागते की काही डॉक्टरही हेच बोलतात. बोलताना ते संस्कृतीचा हवाला देतात, त्यामुळे ऐकणारा गप्प बसतो. आणि त्याच्या गप्प बसण्याची किंमत मात्र दाराआडच्या एखाद्या खोलीत दुसरेच कोणीतरी मोजत राहते. म्हणून या मताचे एकेक कलम घेऊन त्याची तपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम ही ‘घरची माणसे’ म्हणजे नेमकी कोण, याचीच चौकशी करू. रुग्ण पुरुष असेल तर त्याची पत्नी, पत्नी थकलेली असेल तर सून, सून नसेल तर माहेरी राहिलेली मुलगी. मुलगा औषधे आणतो, वाहन ठरवतो, डॉक्टरांशी बोलतो, प्रसंगी कर्ज काढतो. त्याचे कष्ट मी नाकारीत नाही. परंतु मध्यरात्री ओले झालेले अंथरूण बदलणारे हात बहुधा त्याचे नसतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर घेतलेल्या वेळवापराच्या पाहणीत असे आढळले की, घरातील माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे. यात लेकराबाळांचे संगोपनही आले. स्वयंपाक, धुणीभांडी आणि पाणी भरणे यांचा हिशेब निराळा, आणि तोही मुख्यतः स्त्रियांच्याच खाती मांडलेला. ज्या घरात लकवा मारलेला सासरा किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाची सासू पडून आहे, तेथे या सरासरीला काही अर्थच उरत नाही. तेथे दिवस आणि रात्र यांतला भेदच नाहीसा झालेला असतो.

आमच्या भागात या हिशेबात आणखी एक रकाना वाढवावा लागतो. येथील संसार कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालतात, आणि ऐन वेचणीच्या दिवसांत घरातली बाई रुग्णापाशी बसली की तिची मजुरी बुडते. स्वतःचे शेत असेल तर बोंडे झाडावरच राहतात किंवा मजूर लावावे लागतात. घरची सेवा फुकट होते असे म्हणणाऱ्यांनी हा तोटा कधी मोजला आहे काय? जो खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही, तो झालाच नाही असे मानण्याची मुभा त्यांना कोणी दिली?

कायद्याचेही तेच. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला; वृद्धास टाकून देणाऱ्यास त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. टाकून देणे हा गुन्हा ठरवला, हे योग्यच झाले. पण जी टाकून देत नाही, जी दोन वर्षे तीन वर्षे एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन सासऱ्याची शुश्रूषा करते, तिच्या दारी या शासनव्यवस्थेतून कोण जाते? कसूर करणाऱ्यासाठी न्यायाधिकरण आहे. कर्तव्य करणारीसाठी साधी हातमोज्यांची जोडीदेखील नाही. समाजही तिला कौतुकाचे शब्द देतो आणि पुढे चालू लागतो. माझे म्हणणे असे की हे कौतुक तिला एकटी सोडण्याचा परवाना झाले आहे, आणि हा परवाना आता रद्द झाला पाहिजे.

परिचारिका घरी येऊन असे काय मोठे करते, असा प्रश्न तुच्छतेने विचारला जातो. त्याचे उत्तर सविस्तर देतो, कारण वादातल्या बाकी साऱ्या गोष्टी या एका उत्तरापुढे गौण आहेत.

आमच्या बाजूला तंबाखू-सुपारीचा खर्रा सर्रास खाल्ला जातो, आणि तोंडाचा कर्करोग त्याच्या पाठीपाठ घरात शिरतो. गालाला भोक पडून जखम बाहेर आली की तिला दुर्गंधी सुटते. ही दुर्गंधी ज्याने अनुभवली नाही त्याला तिच्यामुळे घराचे काय होते हे कळणार नाही. रुग्णाची बाज आधी माजघरातून पडवीत जाते, पडवीतून गोठ्यालगतच्या छपरीत. नातवंडांना तिकडे जाऊ देत नाहीत. ताट दुरून सरकवले जाते. घरची माणसे निष्ठुर असतात म्हणून हे घडत नाही. काय करावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून घडते. अशा एका घरी परिचारिका आलेली मी पाहिली आहे. ती बाजेशेजारी भुईवर बसली. पाणी उकळून, मीठ घालून, निववून तिने जखम धुतली, चिकटलेला बोळा न ओढता भिजवून सोडवला, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर पसरली, वर स्वच्छ कापडाची घडी ठेवली. आणि हे सर्व करताना सुनेला जवळ बसवून, दुसऱ्या वेळी तेच काम तिच्याच हातून करवून घेतले. औषध मूठभर पैशांचे. पुढच्या आठवड्यात दुर्गंधी उतरली होती, बाज पुन्हा माजघरात आली होती, आणि धाकटा नातू आजोबांच्या पायाशी बसून पाटीवर अक्षरे काढीत होता. रोग तिळमात्र हटला नव्हता. परंतु त्या म्हाताऱ्याला त्याचे घर परत मिळाले होते, आणि ते मिळवून देण्याचे सामर्थ्य घरातल्या कोणाच्याही प्रेमात नव्हते; ते एका शिकलेल्या हातात होते.

तेच कूस बदलण्याचे. भारी देहाच्या, निम्मे अंग गेलेल्या माणसाला एकटी बाई खांद्याला धरून ओढते, तेव्हा त्याच्या कमरेची कातडी सोलली जाते आणि हिच्या पाठीत उसण भरते. चादरीची आडवी घडी त्याच्या कमरेखाली सरकवून, दोन्ही टोके धरून, गुडघा दुमडून घेऊन त्याला कुशीवर वळवावे, पाठीमागे गोधडीची गुंडाळी लावावी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यावी, दर दोन तासांनी बाजू पालटावी: पाठीला जखम होऊ न देण्याची विद्या ही एवढीच आहे, आणि ती दाखवायला अर्धा तास पुरतो. ती न दाखवल्यामुळे किती माणसे मूळ आजाराऐवजी पाठीच्या जखमा सडून मरतात, याचा विचार ‘सून आहे ना’ म्हणणाऱ्यांनी कधी केला आहे काय? सून असते, तिला हे कोणी शिकवलेले नसते. माया जन्मजात असेल, लघवीच्या नळीची निगा जन्मजात नसते. आणि जाताना दाराशी थांबून परिचारिका जे विचारते, ‘बाई, तू जेवलीस का? रात्री झोप लागते का?’, ते त्या घरात कित्येक महिन्यांत कोणीही विचारलेले नसते.

आता अब्रूकडे वळू. परका माणूस घरात येऊन अंगाला हात लावतो, ही नामुष्की, असे सांगितले जाते. आमच्या गावांतील प्रत्येक घराने पिढ्यान्‌पिढ्या सुईणीला आत घेतले आहे. ती रक्ताची नव्हती, बहुधा जातीचीही नव्हती. तरी घरातील अत्यंत खाजगी क्षणी तिला दार उघडे होते आणि तिच्या शब्दाला मान होता. जन्माच्या वेळी परका हात चालतो, अंतकाळी मात्र त्याने अब्रू जाते, हा दंडक कोणत्या शास्त्रात लिहिला आहे? १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्या रोग्यांपैकी कोण त्यांच्या रक्ताचे होते? रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि बायकांना, त्यांत विधवाही होत्या, परिचारिकेचे शिक्षण घेण्यास उद्युक्त केले, तेव्हाही भल्या घरच्या बायकांनी परक्यांच्या अंगाला हात लावावा काय, हाच आक्षेप समाजाच्या ओठांवर होता. शतक उलटून गेले; आक्षेप तोच राहिला आणि आक्षेप घेणाऱ्यांची नावे तेवढी बदलली.

पुंडलिकाचे नाव या वादात हमखास निघते. निघावे. त्या कथेत आईबापांची सेवा करणाऱ्याच्या दारी प्रत्यक्ष परब्रह्म चालत आले, आणि सेवेत खंड पडू नये म्हणून विटेवर तिष्ठत उभे राहिले. सेवा करणाऱ्याच्या घरी आपण जावे, त्याच्या सवडीने थांबावे, यात देवालाही कमीपणा वाटला नाही, असा त्या कथेचा आशय मी घेतो. सेवेकऱ्याच्या दारी कोणी येऊच नये, असा आशय तिच्यातून कोणी आणि कसा काढला?

विलायतेत कुटुंब नाही म्हणून हे सारे निघाले, हे विधानही वस्तुस्थितीला धरून नाही. सिसिली साँडर्स या बाईंनी, ज्या आधी परिचारिका होत्या आणि पुढे डॉक्टर झाल्या, लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे मरणोन्मुखांचे शुश्रूषालय उघडले. आणि अवघ्या दोन वर्षांत, १९६९ साली, तेथल्या परिचारिका रुग्णांच्या घरोघर जाऊ लागल्या, कारण रुग्णांना आपल्या माणसांत राहायचे होते आणि त्या माणसांना आधार हवा होता. कुटुंब नसते तर त्या कोणाच्या घरी गेल्या असत्या? पण इतके लांब जाण्याचेही प्रयोजन नाही. कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदनाशमनाची संस्था काढली, आणि १९९९ पासून त्या परिसरात गावोगावच्या लोकांनी हे काम आपल्या अंगावर घेतले. केरळात काय कुटुंबे नाहीत? की तेथील सुना आणि मुली आमच्यापेक्षा कमी मायाळू आहेत? २००८ साली त्या राज्याने उपशामक शुश्रूषेचे, म्हणजे दवाखान्यात जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात तिचे, धोरण जाहीर केले. आज तेथील ग्रामपंचायती या कामासाठी परिचारिका नेमतात आणि ती अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी ठरल्या दिवशी जाते. ज्या समाजाने कुटुंब जपले, त्यानेच कुटुंबाला टेकू दिला.

मोठा दवाखाना हीच खरी सेवा, हे मत तर आमच्या राजमार्गाच्या काठावर विशेष रुजले आहे. इचोडा चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गावर वसलेले. उत्तरेस तीसएक किलोमीटरवर आदिलाबाद, त्याच वाटेने पुढे नागपूर, दक्षिणेस निर्मळवरून हैदराबाद. वाहन दारात उभे राहते, म्हणून माणसे न्यावीशी वाटतात. जेथे बरे होण्याची आशा आहे तेथे न्यावेच. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढच्या टप्प्याचा. शेत गहाण पडते, बैलजोडी विकली जाते, आणि शेवटी कागदांची जाड चळत हातात देऊन सांगितले जाते की आता घरी घेऊन जा. त्या क्षणापासून मृत्यूच्या क्षणापर्यंतचा काळ, जो कधी पंधरा दिवसांचा असतो तर कधी वर्षाचा, त्याची जबाबदारी कोणाची? दवाखान्याच्या दफ्तरात तो रुग्ण निकालात निघालेला असतो. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत तो कधी आलेलाच नसतो. तो असतो फक्त बाजेवर, आणि त्याच्या श्वासाला घरघर लागली की घाबरलेले घर त्याला पुन्हा वाहनात घालते. कित्येकांचा प्राण याच रस्त्यावर, दोन गावांच्या मध्ये जातो. ज्यांना ही धावपळ भक्तीचे प्रमाण वाटते त्यांना मी विचारतो, की धाप लागलेल्या माणसाला टेकवून बसवावे, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर वारा घालावा, औषधाचा ठरलेला थेंब द्यावा आणि त्याचा हात धरून बसावे, हे सांगणारी कोणी बाई त्या रात्री फोनवर जरी असती, तरी ते घर त्याला रस्त्यावर घेऊन गेले असते काय?

तशी बाई असू शकते, याचा दाखला आपल्या भाषेच्या मुलुखातच आहे. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची निगा राखते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तेथे रुग्णासोबत घरचे माणूसही राहते, त्याला शुश्रूषा शिकवली जाते, आणि यासाठी पैसा घेतला जात नाही. तेलंगणातही हैदराबादच्या एमएनजे कर्करोग रुग्णालयातील जाणत्या मंडळींच्या साह्याने शासनाने चेवेल्ल्यापासून आरंभ करून जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे काढली, आणि त्यांत आदिलाबादचाही समावेश झाला. ‘आलना’ या नावाने घरोघर जाणारी गाडी याच योजनेतली. हे सत्कार्य आहे, आणि त्याचे श्रेय देण्यात मी कुचराई करणार नाही. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारी गाडी सिरिकोंड्याकडच्या गुड्यांत आणि बाजारहत्नूरच्या तांड्यांत, ओढ्यांना पूर आलेला असताना, किती वेळा पोहोचणार? जिल्ह्याला गाडी मिळाली म्हणून मंडलाची, म्हणजे येथल्या तालुक्याची, गरज भागली, असे समजणे म्हणजे कालव्याच्या मुखाशी पाणी आले म्हणून शेवटचे शेत भिजले असे समजणे होय.

मॉर्फीनविषयी जी भीती आहे तिच्यापाठीमागे कायद्याचाही हात आहे, म्हणून तिचा परामर्श शांतपणे घेतला पाहिजे. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी केलेल्या त्या कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की पुढच्या दहाबारा वर्षांत देशातील औषधी मॉर्फीनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडून दिले, आणि वैद्यकीचे विद्यार्थी त्याची मात्रा कशी द्यावी हे न शिकताच डॉक्टर झाले. आणि हे कोणत्या देशात? ज्या देशात नीमच-मंदसोरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि जेथून ती औषधासाठी परदेशी जाते, त्या देशात! २०१४ साली संसदेने कायदा सुधारला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे बाळगण्याची वाट मोकळी केली. कायद्याची अडचण पुष्कळशी दूर झाली, मनातली राहिली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली दाखवून दिले की जगातील सर्वांत गरीब अशी निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, त्यांच्या वाट्याला अशा वेदनाशामकांचा अवघा एक टक्का येतो.

व्यसन लागेल, असे सांगितले जाते. ज्याचे आयुष्य महिन्यांत मोजायचे आहे, ज्याला हाडांतल्या कळांनी पाठ टेकता येत नाही, त्याला व्यसनाचे भय घालणारा माणूस नेमके कोणाचे रक्षण करीत असतो? मुळात, वेदनेच्या प्रमाणात, लहान मात्रेपासून आरंभ करून, दर चार तासांनी पोटात दिलेल्या गोळीने रुग्ण नशेत लोळत नाही; पहिले काही दिवस झोप येते, मळमळते, बद्धकोष्ठ मात्र कायम राहते, म्हणून सोबत सारक औषध द्यावेच लागते. हे सर्व पाहणे, मात्रा डॉक्टरांना कळवून वाढवणे, गोळ्या मोजून नोंद ठेवणे, रुग्ण गेल्यावर उरलेल्या परत घेणे, हेच तर परिचारिकेचे काम. गोळी भलत्याच्या हाती जाईल अशी ज्यांना खरोखर धास्ती आहे, त्यांनी तर गोळ्यांचा हिशेब ठेवणारी परिचारिका सर्वांत आधी मागायला हवी.

यानंतरचा आक्षेप मला सर्वांत अधिक झोंबतो, कारण तो आमच्या माणसांच्या बुद्धीवरच आहे. परिचारिकेच्या हाताखाली गावचीच माणसे द्यावीत म्हटले की विचारतात, खेड्यातली स्वयंसेवक मंडळी काय शुश्रूषा करणार? दहावी-बारावी झालेल्या बाया आणि रिकामी पोरे यांच्या हाती रुग्ण द्यायचा काय? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गडचिरोलीने १९९९ मध्येच दिले आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ खेड्यांत गावच्याच बायांना नवजात बालकाची निगा शिकवली, श्वास अडलेल्या बाळाला सावरणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इतकेच काय जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे हे त्यांच्या हाती सोपवले, आणि तीन वर्षांत त्या खेड्यांतील अर्भकांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. ते प्रमाण ‘लॅन्सेट’ने छापले, जगाने मानले. ज्या बाईच्या हाती दोन किलोचे बाळ सुरक्षित राहिले, तिच्या हाती म्हाताऱ्याची जखम सुरक्षित नाही काय?

याहून जवळचा दाखला हवा असेल तर तो आमच्याच जुन्या जिल्ह्यात आहे. निजामी अमलात, १९४३ साली, हायमेनडॉर्फ या पंडिताच्या पुढाकाराने मार्लवाईला गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले. देवनागरीत छापलेली गोंडी वाचने हाती घेऊन, कालपर्यंत निरक्षर म्हणून हिणवलेल्या गावांतले तरुण शिक्षक झाले आणि पुढे त्यांच्यातूनच गावकामगारही निपजले. त्यापाठोपाठ सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी म्हणून याच मुलुखात आले, आणि त्यांनी गोंडी इतकी आत्मसात केली की तिचे व्याकरण लिहिले. या दोन्ही गोष्टींचा शुश्रूषेशी संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. वेदना कोठे आहे, कशी आहे, रात्री वाढते की पहाटे, हे माणूस मायबोलीत सांगतो. आमच्या मंडलात एका मैलात तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी आणि दखनी ऐकू येते. हैदराबादहून आलेला कितीही मोठा तज्ज्ञ येथील कोलाम म्हातारीची कळ दुभाष्यावाचून समजू शकणार नाही. ती समजेल त्याच गावच्या मुलीला, जर तिला शिकवले तर. केरळात स्वयंसेवकाकडून मागितले काय जाते? आठवड्यातून किमान दोन तास. आणि शिक्षण म्हणजे सोळा तासांचे वर्ग व चार दिवस अनुभवी माणसांबरोबर गृहभेटी. आमची पोरे गणेशोत्सवात दहा दिवस रात्री जागवतात, ती आठवड्यातले दोन तास देणार नाहीत, असे त्यांना विचारण्यापूर्वीच कोणी ठरवले?

हे स्वयंसेवक दोन तास रुग्णापाशी बसले तर सून न्हाऊन घेईल, झोपेल, बँकेत जाईल, शेतावर फेरी मारील. सरकारी निवृत्तिवेतनाचा अर्ज, दाखला, अंगठा, तहसील कचेरीतील हेलपाटे ही कामे ते वाटून घेतील. मृत्यूनंतर तेराव्याला सगळे पांगले की ज्या विधवेच्या दारी कोणी फिरकत नाही, तिच्याकडे पंधरवड्याने एकदा जाऊन बसतील. यांतले कोणते काम इतके अवघड आहे की ते आमच्या माणसांना येणार नाही?

राहिला पैशाचा मुद्दा. वाचणाऱ्यावर खर्च करा, मरणाऱ्यावर नको, असे म्हणणाऱ्याशी फार बोलण्याची इच्छा होत नाही, कारण मरणार नाही असा माणूस त्याला कोठे आढळला हे त्यानेच सांगावे. तरी हिशेबाचेच बोलायचे तर मॉर्फीनची गोळी, मेट्रोनिडाझोलची पूड, कापसाचे बोळे आणि परिचारिकेचा पगार यांची बेरीज, हताश कुटुंबाने शेवटच्या महिन्यात वाहने आणि अतिदक्षता विभाग यांवर उधळलेल्या रकमेपुढे किती भरेल? शिवाय हे काही कोणाच्या मेहेरबानीचे मागणे नाही. केंद्र सरकारचा उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ही शुश्रूषा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग मानली आहे. २०१८ पासून उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनीचे रूप देताना ज्या सेवा तेथे मिळाव्यात असे ठरले, त्यांत वृद्धांची आणि अंथरुणावरील रुग्णांची निगा मोडते. कागद आमच्या बाजूने आहे. फक्त तो इचोड्याच्या बाजेपर्यंत आलेला नाही.

तो यावा यासाठी मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. प्रत्येक मंडलाच्या ठिकाणी याच कामासाठी नेमलेली, दुसऱ्या कोणत्याही मोहिमेला न जुंपलेली, एक परिचारिका असावी. तिला मराठी, तेलुगू आणि गोंडी यांपैकी किमान दोन भाषा याव्यात. तिच्याकडे दुचाकी, औषधांची पेटी आणि रात्री उचलला जाईल असा फोन असावा. मंडलाच्या आरोग्य केंद्रात मॉर्फीन ठेवण्याची रीतसर मान्यता घेतलेली असावी, म्हणजे त्यासाठी आदिलाबादला खेप पडणार नाही. प्रत्येक गावच्या दोन-चार स्त्रीपुरुषांना शिकवून तिच्या हाताखाली द्यावे. आणि आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत गरोदर बायांच्या यादीशेजारी अंथरुणावरील रुग्णांची, आणि त्यांची देखभाल जी करते तिच्या नावाची, यादी असावी. घरची माणसे आहेत म्हणूनच ही सर्व तजवीज हवी. ती नसती तर मागणी दुसरीच, इमारतींची आणि खाटांची, करावी लागली असती. ज्यांचा याला विरोध असेल त्यांनी तो पारावर बसून, संस्कृतीच्या नावाने करू नये. पुढच्या ग्रामसभेत अशा घरांतील बायांना, त्यांच्या गैरहजेरीत रुग्णापाशी बसायला माणूस देऊन, बोलवावे, तो विरोध त्यांच्या समोर उभे राहून करावा, आणि त्या जे उत्तर देतील ते शब्दशः इतिवृत्तात लिहून घ्यावे.